शेजारच्या जमिनीचा भाव

मद्रास रेस क्लब चेन्नईच्या गिंडी भागातल्या १६० एकर सरकारी जमिनीसाठी वर्षाला ६१४ रुपये १३ आणे भाडं भरत असे. १९४५ साली ९९ वर्षांचा भाडेपट्टा झाला, तेव्हाचा हा दर. पुढे सरकारने भाडेवाढीच्या नोटिसा काढल्या, क्लब कोर्टात गेला, वर्षांमागून वर्षं गेली आणि मार्च २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७३० कोटींवरची थकबाकी भरण्याचा आदेश क्लबला दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने भाडेपट्टाच रद्द केला आणि रेसकोर्सला सील ठोकलं. तो वादही कोर्टात गेला. दरम्यान त्यातली ११८ एकर जमीन उद्यानासाठी फलोत्पादन खात्याकडे सोपवली गेली. सरकारी हिशेबात तिची किंमत धरली गेली ४,८३२ कोटी रुपये, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ९,४०० रुपये.

या सगळ्या उलाढालीत एकही घर विकलं गेलं नाही. पण रेसकोर्सच्या आसपासच्या गल्ल्यांत ज्यांचे फ्लॅट आहेत, त्यांच्यासाठी ही बातमी घरचीच होती. समोर घोडे धावणार, बाग होणार, की उद्या कुणी टॉवर उभे करणार, यावर त्यांच्या खिडकीतलं दृश्य, पावसाळ्यातलं पाणी आणि घराची किंमत, तिन्ही अवलंबून. गिंडीतल्या घरांच्या बाजाराचं हेच वैशिष्ट्य आहे. इथे घराचा भाव ठरवणारी जमीन बहुतेक वेळा घरमालकाची नसते, शेजारची असते. आणि हा शेजारी बहुधा सरकार असतो.

चेन्नईचा नकाशा उघडून गिंडीवर बोट ठेवलं, तर ते घरांवर पडण्याची शक्यता कमीच. उत्तरेला अड्यार नदी. नदीच्या दक्षिणेला राजभवन, त्याला लागून गिंडी राष्ट्रीय उद्यान, त्यापलीकडे आयआयटी. सरदार पटेल रस्त्यावर गांधी मंडपम आणि समोरच्या बाजूला अण्णा विद्यापीठ. पश्चिमेला औद्योगिक वसाहत, दक्षिणेला रेसकोर्स. मग थोडं पुढे सैन्याच्या ताब्यातला सेंट थॉमस माउंटचा परिसर आणि विमानतळ. या सगळ्यांच्या मधल्या फटींत माणसं राहतात : मडुवांकरै, लिटल माउंट, रेस व्ह्यू कॉलनी, फाइव्ह फर्लाँग रोड, आणि हद्दीला खेटून आलंदूर, आदंबाक्कम, ईक्काट्टुतांगल. दीड-दोन किलोमीटरच्या अंतरात राज्यपाल, काळवीट, लेथ मशीन आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर असा शेजार असलेली जागा भारतात दुसरी सापडणं कठीण.

पस्तीस हजारांचं जंगल

ही जमीन अशी वाटली गेली, त्याचा इतिहास जुना आहे. गिंडीत घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या त्या १७७७ च्या सुमारास, कंपनीच्या अमलात. तेव्हा मद्रास म्हणजे किल्ला आणि त्याभोवतीची वस्ती, गिंडी हे गावाबाहेरचं रान. साहेबांच्या उन्हाळी बंगल्यांची आणि शिकारीची ही जागा. १८२१ मध्ये सरकारने गिंडी लॉज हा बंगला आणि भोवतीचं रान ३५,००० रुपयांना विकत घेतलं. मुळात हे क्षेत्र पाचशे हेक्टरांच्या आसपास होतं. बंगला गव्हर्नरचं निवासस्थान झाला, आजचं राजभवन ते हेच.

मग या रानातून एकेक तुकडा निघत गेला. १७९४ मध्ये भूमापन शिकवण्यासाठी सुरू झालेली शाळा इंजिनिअरिंग कॉलेज होऊन १९२० साली गिंडीत आली. तिच्याच भोवती १९७८ मध्ये अण्णा विद्यापीठ उभं राहिलं. पश्चिम जर्मनीच्या मदतीने १९५९ मध्ये आयआयटी मद्रास सुरू झालं, तेव्हा त्यासाठी राजभवनाच्या जंगलातलीच मोठी जमीन दिली गेली. गांधींचं, कामराजांचं, राजाजींचं स्मारक, सगळी इथेच. उरलेल्या २७० हेक्टरांना १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शहराच्या पोटात असलेलं हे देशातलं अगदी लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. काळवीट आणि चितळ तिथे अजून चरतात.

घरांच्या बाजाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. गिंडीत नवी निवासी जमीन तयार होत नाही. मुंबईला समुद्राने अडवलं, गिंडीला सरकारी कुंपणांनी. फरक एवढाच की समुद्र आपलं मत बदलत नाही, आणि सरकार कधी काय ठरवेल ते सांगता येत नाही.

कारखाना गेला की काय येतं?

१९५८ मध्ये गिंडीत ४०४ एकरांवर औद्योगिक वसाहत सुरू झाली. कामराज मुख्यमंत्री होते, उद्योग खातं आर. वेंकटरामन यांच्याकडे होतं, तेच पुढे राष्ट्रपती झाले. लहान उद्योजकाला तयार गाळा, वीज, रस्ता एकाच ठिकाणी द्यायचा, ही कल्पना तेव्हा देशात नवी होती. सुटे भाग, साचे, फाउंड्री, छपाई अशा शेकडो छोट्या कारखान्यांनी गिंडी गजबजली. कामगार सैदापेट, आलंदूर, आदंबाक्कम भागांत भाड्याने राहू लागले. लोकल स्टेशन हाताशी होतंच, कारण मद्रास बीच ते तांबरम ही विजेवरची उपनगरी गाडी १९३१ पासून गिंडीवरून धावत होती.

कारखान्यांच्या गावातल्या घरांचं पुढे काय होतं, याची दोन ठळक उदाहरणं जगासमोर आहेत. पहिलं अमेरिकेतलं. ओहायो राज्यातलं यंग्सटाउन हे पोलादाचं शहर. १९३० मध्ये तिथे १ लाख ७० हजार माणसं राहत होती. १९ सप्टेंबर १९७७ रोजी यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीने तिथली मोठी गिरणी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. तो दिवस गावात आजही काळा सोमवार म्हणून ओळखला जातो. एकामागून एक कारखाने गेले, त्यांच्यामागून माणसं गेली. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती उरली ६० हजार. घरं होती, पण राहायला माणूस नाही. अशा गावात चांगल्या बांधणीचं घरही कवडीमोलाने जातं. २००५ मध्ये शहराने चक्क लहान होण्याची योजना आखली आणि ओस घरं पाडायला घेतली.

दुसरं उदाहरण मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. माणसं तिथूनही उठली. पण परळ-लालबागचे भाव पडले नाहीत, आभाळाला भिडले. कारण गिरणी बंद झाली तरी त्या जमिनीला दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

गिंडीची वाट गिरणगावाच्या जवळची, पण बरीच सौम्य. इथे संपाने किंवा दिवाळखोरीने वसाहत ओस पडली नाही. अनेक छोटे कारखाने अजून चालू आहेत. पण २००० नंतर त्यांच्या शेजारी काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या. ऑलिम्पिया टेक पार्क झालं तेव्हा जगातल्या मोठ्या हरित इमारतींत त्याची गणना झाली. २००८ मध्ये कत्तिपाराचा चार पाकळ्यांचा उड्डाणपूल खुला झाला, २०१२ मध्ये अण्णा सालैवर आयटीसीचं ग्रँड चोळा हॉटेल आलं. पुढच्याच वर्षी शेजारच्या वेलाचेरीत फिनिक्सचा मॉल उघडला. हे फिनिक्स म्हणजे लोअर परळच्या गिरणीचंच नाव. गिरणगावात जमिनीचं सोनं करणारं सूत्र तमिळ शहरात पोचलं, ते असं.

नोकऱ्या वाढल्या, पण घरं त्या प्रमाणात वाढली नाहीत. औद्योगिक वसाहतीत राहायच्या इमारती उभ्या करता येत नाहीत. विमानतळाजवळ उंचीवर मर्यादा. त्यामुळे गिंडीत नोकरी करणारा माणूस घर शोधतो ते आदंबाक्कममध्ये, आलंदूरमध्ये, नंगनल्लूरमध्ये किंवा नदीपलीकडे अशोक नगर, के. के. नगरात. गिंडीचा भाव कुठे मोजायचा, असं कुणी विचारलं तर उत्तर या शेजारच्या वस्त्यांत सापडतं.

गटारासाठी पाच हजार

घराची किंमत सरकारच ठरवतं असं मात्र नाही. आलंदूरच्या रहिवाशांनी ती स्वतःच्या खिशातून वाढवली, आणि ही गोष्ट नगरनियोजनाच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. १९९० च्या दशकात आलंदूर ही स्वतंत्र नगरपालिका होती. घरोघरी सेप्टिक टँक, ते उपसायला टँकर, डासांचा त्रास. नगरपालिकेकडे भुयारी गटाराचे पैसे नव्हते. तेव्हा नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी लोकांपुढे प्रस्ताव ठेवला, की प्रत्येक घराने पाच हजार रुपये अनामत भरावी, उरलेलं कर्ज आणि अनुदानातून उभं करू. गटार दिसायच्या आधी गटाराचे पैसे कोण देणार? पण रहिवासी संघटना दारोदार फिरल्या आणि हजारो घरांनी पैसे भरले. २००५ च्या सुमारास काम पूर्ण झालं. २०११ मध्ये आलंदूर चेन्नई महापालिकेत विलीन झालं, तेव्हा महापालिकेत नव्याने आलेल्या बऱ्याच उपनगरांकडे नसलेली भुयारी गटारव्यवस्था त्याच्याकडे होती.

याउलट शेजारच्या आदंबाक्कमची कथा. वेलाचेरीपर्यंत आलेली एमआरटीएस रेल्वे पाच किलोमीटर पुढे नेऊन सेंट थॉमस माउंटला जोडायचं काम २००८ मध्ये सुरू झालं. खांब उभे राहिले, पूल पुढे सरकला, आणि शेवटच्या सुमारे अर्ध्या किलोमीटरवर येऊन थांबला. मार्गातल्या घरमालकांना देऊ केलेली भरपाई मान्य नव्हती, ते कोर्टात गेले. दहा वर्षांहून जास्त काळ तो पूल आदंबाक्कमच्या घरांवर अर्धवट लटकत राहिला. रेल्वेच्या आशेने ज्यांनी आजूबाजूला घरं घेतली ते वाट पाहत बसले, आणि ज्यांची घरं रेल्वेच्या वाटेत होती ते भाव ठरायची. दोघांच्या दृष्टीने प्रश्न एकच होता : या जागेची खरी किंमत काय?

मेट्रोने मात्र फार वाट पाहायला लावली नाही. २०१५ मध्ये आलंदूर ते कोयंबेडू मार्ग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी विमानतळ ते लिटल माउंट. गिंडी मेट्रो स्टेशन लोकल स्टेशनला जोडलेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेल्या ६३,२४६ कोटींच्या दुसऱ्या टप्प्यातला एक मार्ग आलंदूर, सेंट थॉमस माउंट, आदंबाक्कम असा जातो. इमारतीच्या जाहिरातीत आता स्टेशनपासूनची मिनिटं देवळापासूनच्या मिनिटांआधी छापली जातात.

ग्राउंड, पट्टा आणि यूडीएस

पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेलं मराठी कुटुंब चेन्नईत घर बघायला निघालं की पहिली अडचण शब्दांची. जमीन गुंठ्यात नाही, ग्राउंडमध्ये मोजतात. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट, सव्वादोन गुंठ्यांपेक्षा किंचित कमी. सातबाऱ्याच्या जागी पट्टा. आणि प्रत्येक फ्लॅटच्या जाहिरातीत, बेडरूमच्या संख्येइतकीच ठळक तीन अक्षरं : यूडीएस. म्हणजे इमारतीखालच्या जमिनीतला अविभक्त हिस्सा.

महाराष्ट्रात फ्लॅट घेतला की माणूस सोसायटीचा सभासद होतो. जमीन सोसायटीच्या नावावर व्हायची असते, आणि ती होता होता कन्व्हेयन्सच्या फायलीत किती वर्षं जातात, ते घराघरांत माहीत आहे. चेन्नईची रीत वेगळी. इथे जमिनीचा हिस्सा थेट फ्लॅटमालकाच्या खरेदीखतात लिहिलेला असतो, चौरस फुटांत. पूर्वी तर दोन दस्त होत. एक जमिनीच्या हिश्श्याचं खरेदीखत, दुसरा बिल्डरशी बांधकामाचा करार. म्हणजे कागदोपत्री माणूस फ्लॅट घेत नव्हताच. तो जमीन घेत होता आणि तिच्यावर स्वतःसाठी घर बांधून घेत होता.

याचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने कळतो. एका ग्राउंडवर, दोनच्या एफएसआयने, म्हणजे जमिनीच्या दुप्पट, ४,८०० चौरस फुटांचं बांधकाम झालं. १,२०० फुटांचे चार फ्लॅट. प्रत्येकाचा यूडीएस ६०० फूट. समजा त्या गल्लीत जमीन फुटाला १०,००० रुपये आहे आणि बांधकामाचा खर्च फुटाला २,५००. मग प्रत्येक फ्लॅटमध्ये जमीन साठ लाखांची आणि भिंती तीस लाखांच्या. वीस-पंचवीस वर्षांत भिंतींना ओल येते, गज गंजतात, तीस लाखांतले फार थोडे उरतात. साठ लाखांचं मात्र त्या काळात काय होतं, ते शेजारी कोणतं स्टेशन, कोणती कंपनी, कोणती बाग आली यावर ठरतं. घराचा भाव वाढला असं म्हणतात तेव्हा वाढलेली असते ती जमीन. विटा-सिमेंट उतरणीलाच लागलेलं असतं.

म्हणून जुन्या चेन्नईकराला चार फ्लॅटची, लिफ्ट नसलेली, कडप्प्याच्या ओट्याची इमारत नवीन टॉवरपेक्षा भावते. चेन्नईत साध्या इमारतीला दोनचा एफएसआय मिळतो, तर रुंद रस्त्यावरच्या उंच इमारतीला सव्वातीन. तोच १,२०० फुटांचा फ्लॅट सव्वातीनच्या हिशेबात बसवला, तर यूडीएस ६०० वरून ३७० फुटांच्या खाली येतो. टॉवरमध्ये जलतरण तलाव मिळतो, क्लबहाउस मिळतं, आणि पायाखालची जमीन आक्रसते. मुंबईत असा हिशेब फ्लॅट घेताना क्वचितच कुणी मांडतं. चेन्नईत निवृत्त झालेले मामा भाच्याला घर दाखवायला जातात तेव्हा पहिला प्रश्न यूडीएसचाच असतो.

सरकारी भाव, बाजारभाव

महाराष्ट्रात जो रेडी रेकनर, तो तमिळनाडूत गाइडलाइन व्हॅल्यू. प्रत्येक रस्त्याचा सरकारी दर, आणि त्यापेक्षा कमी किमतीवर मुद्रांक शुल्क भरता येत नाही. एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन दर असू शकतात, आणि घर कोणत्या टोकाला मोडतं यावर लाखाचा फरक पडतो.

हा दर कसा हलतो त्याचा गेल्या काही वर्षांतला प्रवास बोलका आहे. २०१२ मध्ये तो खूप वाढवला गेला. काही ठिकाणी सरकारी दर बाजारभावाच्याही वर गेला आणि खरेदी मंदावली. जून २०१७ मध्ये सरकारने दर एकदम ३३ टक्क्यांनी खाली आणला. त्याच दिवशी नोंदणी शुल्क एका टक्क्यावरून चार टक्क्यांवर नेलं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. २०२३ मध्ये उलटा खेळ झाला : दर पुन्हा २०१७ च्या कपातीपूर्वीच्या पातळीवर आणि नोंदणी शुल्क दोन टक्क्यांवर. महाराष्ट्रात घराच्या नोंदणी शुल्काला तीस हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. तमिळनाडूत तशी मर्यादा नाही, दोन टक्के म्हणजे दोन टक्के. एक कोटीच्या घराला दोन लाख.

डिसेंबर २०२३ पासून नव्या फ्लॅटसाठी दोन दस्तांची जुनी रीत मोडली. जमिनीचा हिस्सा आणि बांधकाम मिळून एकच किंमत धरायची, असा नियम आला. जुन्या रीतीत बांधकामाच्या करारावर बरंच कमी शुल्क लागत असे, आता पूर्ण किमतीवर लागू लागलं. ओरड होणार हे ओळखून सरकारने मुद्रांक शुल्काचे टप्पे केले. पन्नास लाखांपर्यंत चार टक्के, तीन कोटींपर्यंत पाच टक्के, त्यावर सात. नोंदणीचे दोन टक्के वेगळे. आदंबाक्कममधला साधा दोन बेडरूमचा फ्लॅट पहिल्या टप्प्यात बसतो की दुसऱ्या, यावर आता वाटाघाटी अडतात.

मालमत्ता कराचं गणित आणखी निराळं. अमेरिकेतल्या छोट्या शहरात घराची किंमत ठराविक काळाने नव्याने ठरवतात आणि त्यावर कर लावतात. त्या करातून गावची शाळा चालते. म्हणून भाव वाढले की घरमालक खूशही होतो आणि कपाळाला हातही लावतो. चेन्नईत १९९८ नंतर कराचे दर २०२२ पर्यंत कायमचे असे वाढलेच नाहीत. २०१८ ची वाढ सरकारने मागे घेतली. एप्रिल २०२२ मध्ये झाली तेव्हा जुन्या शहरातल्या १,८०० फुटांवरच्या घरांसाठी ती थेट १५० टक्के होती.

पाण्याचा भाव

चेन्नईत घराची जाहिरात पाण्यावाचून पुरी होत नाही. बोअरचं पाणी गोडं की खारं, नळाच्या पाण्याची जोडणी आहे का, जमिनीखालची टाकी किती लिटरची. २००३ मध्ये पागोळ्यांचं पाणी जमिनीत मुरवणं राज्यभर सक्तीचं झालं, तरी २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी धरणं तळाला गेली. आयटी कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं आणि सोसायट्यांत टँकरसाठी रांगा लागल्या. ज्या घराच्या बोअरला तेव्हा पाणी होतं, त्या घराचा मालक आजही ते अभिमानाने सांगतो.

दुसरं टोक पुराचं. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री चेंबरंबाक्कम जलाशयातून अड्यारमध्ये मोठा विसर्ग झाला आणि नदीकाठच्या जाफरखानपेट, ईक्काट्टुतांगल, सैदापेटमध्ये पाणी शिरलं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतली यंत्रं चिखलात गेली. त्या रात्रीनंतर या भागात घर बघायला येणारा माणूस वॉचमनला बाजूला घेऊन विचारतो, २०१५ ला पाणी कुठवर आलं होतं? बिल्डर दाखवतो त्या माहितीपत्रकापेक्षा या उत्तरावर जास्त विश्वास ठेवला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पावसात वेलाचेरीजवळ फाइव्ह फर्लाँग रोडवर बांधकामासाठी खणलेल्या खोल खड्ड्याची कड ढासळली आणि दोघांचा जीव गेला. जिथे जमीन महाग, तिथे तळघरं खोल जातात, आणि खोल खड्डा भुसभुशीत, पाणथळ भागात खणला की काय होतं, ते सगळ्या शहराने पाहिलं.

इथेच रेसकोर्सचा प्रश्न घरांना येऊन भिडतो. वेलाचेरीचा तलाव वस्तीने गिळत गिळत लहान झाला आणि दर पावसाळ्यात तो भाग तुंबतो. रेसकोर्स ताब्यात येताच, २०२४ च्या पावसाळ्यात महापालिकेने तिथे तळी खणायला घेतली, म्हणजे वरचं पाणी वेलाचेरीकडे न जाता तिथेच थांबेल. मुंबईतही त्याच वर्षी महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेला द्यायचं ठरलं. दोन्ही शहरांत वाद जवळपास सारखा : मोकळी जागा मोकळी राहणार का? गिंडीत मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरावर घरात पाणी शिरणार की नाही, हेही ठरतं.

भाड्याचे दोन मार्ग

घर घेणं जमत नाही त्यांची संख्या इथे मोठी. अण्णा विद्यापीठाचे विद्यार्थी, कंपन्यांतली तरुण पोरं, उत्तर भारतातून आलेले कामगार. मडुवांकरैसारख्या गल्ल्यांत एकेका इमारतीवर ‘टू-लेट’चा बोर्ड आणि मुलांच्या हॉस्टेलचा फलक शेजारी शेजारी दिसतो. चेन्नईची जुनी रीत म्हणजे दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स. २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकरू कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या भाड्यावर आणली, पण दोघांनी वेगळं ठरवलं असेल तर ते चालतं, अशी पळवाट त्यातच आहे. त्यामुळे घरमालक अजून ‘ठरवून’ जास्त घेतात.

दुसरा मार्ग ‘लीज’चा. या शब्दाचा चेन्नईतला अर्थ कायद्याच्या पुस्तकातला नाही. भाडेकरू मालकाला एकरकमी मोठे पैसे देतो, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहतो आणि जाताना रक्कम परत घेतो. मुंबईच्या हेवी डिपॉझिटशी याचं नातं जवळचं. मुलीच्या लग्नाला किंवा दुसऱ्या घराच्या हप्त्याला पैसे हवे असलेला मालक आणि दरमहा भाडं भरण्याची कटकट नको असलेला भाडेकरू, दोघांचं जमतं. धोका एकच : मालकावर आधीच कर्ज असेल, तर घर बँकेकडे जातं आणि लीजचे पैसे अडकतात. म्हणून जाणते भाडेकरू ईसी, म्हणजे बोजा प्रमाणपत्र, पाहिल्याशिवाय लीज घेत नाहीत.

जुनी इमारत, बारा सह्या

नवी जमीन नाही, त्यामुळे गिंडीच्या भोवतीचा पुढचा बाजार जुन्या इमारती पाडून उभा राहणार, हे बिल्डरांनी कधीच ओळखलंय. नंगनल्लूर, आदंबाक्कम, अशोक नगर भागांत १९८० आणि ९० च्या दशकांतल्या तीन मजली इमारती आता पुनर्विकासाच्या वयात आल्या आहेत. इथे यूडीएसची पद्धत एकाच वेळी बळ आणि अडसर ठरते. प्रत्येकाच्या हातात जमिनीचा कागद, म्हणून वाटाघाटीत प्रत्येकाचं वजन. आणि त्याच कारणाने, एकानेही सही नाकारली तर पूर्वी सगळं ठप्प.

मार्च २०२४ पासून लागू झालेल्या तमिळनाडूच्या नव्या अपार्टमेंट कायद्याने ही गाठ सोडवली. आता दोन तृतीयांश मालकांची संमती पुरते. महाराष्ट्रात सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के संमतीची अट आहे, त्यापेक्षा ही कडक. बारा फ्लॅटच्या इमारतीत आठ सह्या झाल्या की काम पुढे सरकतं.

पण त्या आठ जणांना सह्यांआधी एक बेरीज करावी लागते. काही जुन्या इमारतींत बिल्डरने किंवा मूळ जमीनमालकाने सगळ्या फ्लॅटना मिळून प्लॉटपेक्षा कमी यूडीएस नोंदवून दिलेला असतो, उरलेला हिस्सा स्वतःकडे राखून. दोन ग्राउंडच्या प्लॉटवर बारा खरेदीखतांतले चौरस फूट मिळवले आणि ४,८०० च्या जागी ४,२०० भरले, तर ६०० फुटांचा एक तेरावा मालक इमारतीत आहे, त्याच्या नावाचा फ्लॅट नसताना. पुनर्विकासाच्या टेबलावर तो येऊन बसतो, आणि त्याच्याशीही हिशेब करावा लागतो. म्हणून या भागातल्या जुन्या इमारतीत फ्लॅट घेताना चोखंदळ गिऱ्हाईक आता फक्त स्वतःचा दस्त वाचत नाही. शेजाऱ्यांचेही दस्त मागवतो आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतो.